जहाजावर घरची बाटली

परदेशी स्थायिक झालेली मुले अलीकडे आईवडिलांना विमानाने बोलावून घेतात आणि थोडी विश्रांती होते न होते तोच त्यांना सहलीच्या जहाजावर नेऊन बसवतात. आमच्या बडोद्यातल्या जुन्या वाड्यांत वाढलेली, सत्तरी ओलांडलेली मंडळी आता कॅरिबियन समुद्र, अलास्काच्या हिमनद्या आणि भूमध्य समुद्रातली बेटे पाहून येऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. निघण्यापूर्वी मात्र एक प्रश्न घरोघरी हलक्या आवाजात विचारला जातो, आणि गाण्याच्या शिकवण्यांच्या निमित्ताने माझे घरोघरी जाणे असल्यामुळे तो माझ्याही कानांवर येतो. जहाजावर स्वतःची वाइनची बाटली नेऊ देतात का?

प्रश्न हलक्या आवाजात विचारला जावा हे स्वाभाविकच आहे. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून आपण दारूबंदीच्या राज्याचे रहिवासी आहोत. परंतु परक्या समुद्रावर आपला कायदा चालत नाही, तेथे आगबोटीचा कायदा चालतो, आणि तो काही बाबतींत आपल्या कायद्याहूनही बारीक आहे. तो काय आहे, तसा का आहे, आणि त्यापायी माझ्या तंबोऱ्याच्या पेटीवर एकदा कोणता प्रसंग आला, हे वाचकांना सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आपल्या घरचे पेय बरोबर घेऊन जहाजावर चढणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. संस्थानिकांच्या काळातले तिचे सर्वांत भव्य उदाहरण जयपूरचे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराजा सवाई माधोसिंह विलायतेस निघाले. धर्मनिष्ठ राजा, आणि तिकडचे पाणी प्यायचे नाही हा निश्चय. त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाची आगबोट खास भाड्याने घेतली, तीवर देवाची सोय केली, आणि प्रवासभर व मुक्कामभर पुरेल इतके गंगाजल बरोबर घेतले. ते ठेवण्यासाठी चांदीचे जे प्रचंड कुंभ होते त्यांतला एकेक सुमारे चौदा हजार रुपयांची चांदी आटवून, कोठेही सांधा न देता घडवलेला होता. एका कुंभाचे वजन जवळजवळ साडेतीनशे किलो आणि त्यात मावणारे पाणी सुमारे चार हजार लिटर. त्यांपैकी दोन कुंभ जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतात. राजाचे आजारपण निघाले आणि जूनमधला समारंभ ऑगस्टवर गेला, पण गंगाजलाचा साठा दांडगा होता. आज जहाजावर एका माणसाला नेता येणारी बाटली साडेसातशे मिलिलिटरची असते. या मापाने हिशेब केला तर महाराजांच्या एका कुंभात पाच हजारांहून अधिक बाटल्या झाल्या!

त्या काळी कोण कोणाच्या हातचे काय पितो हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, आणि त्यावरून टिळक-रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. जमिनीवरच्या एका पेल्याची ही कथा, मग समुद्र ओलांडणाऱ्याची अवस्था काय वर्णावी! आपले पाणी, आपला आचारी, आपला शिधा हा त्या पिढीच्या प्रवासाचा पाया होता. भय होते ते विटाळाचे, आणि नियम घालणारे होते शंकराचार्य व शास्त्री. आता भय राहिले नाही. नियम मात्र राहिले. ते घालण्याचे काम जहाजांच्या कंपन्यांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि त्यांचा ग्रंथ म्हणजे जमाखर्चाची वही.

हे नियम प्रत्येक कंपनीचे निराळे असतात आणि वरचेवर बदलतात, तरी त्यांचा साधारण घाट सारखा आहे. अमेरिकेतून निघणाऱ्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर एकवीस वर्षांवरील प्रत्येक उतारूला प्रवासाच्या पहिल्या दिवशी चढताना साडेसातशे मिलिलिटरची, बूच न उघडलेली वाइनची किंवा शॅम्पेनची एक बाटली नेता येते. काही कंपन्या याहून अधिक बाटल्या नेऊ देतात, पण मग दर बाटलीमागे आकार घेतात. व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक मद्यांना मात्र बहुतेक ठिकाणी साफ मनाई. वाटेतल्या बंदरावर कोणी रमची बाटली विकत घेतलीच, तर ती जहाजावर चढताना जमा करून घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत देतात. म्हणजे ती आपली असूनही प्रवासभर आपल्याला पारखी.

नेलेली वाइन आपल्या खोलीत बसून प्यायची असेल तर पुष्कळ जहाजांवर काही द्यावे लागत नाही. भोजनगृहात नेली की मात्र बूच उघडण्याचा आकार पडतो. त्याला कॉर्केज म्हणतात. आपण त्याला बूचपट्टी म्हणू. ही पट्टी साधारण पंधरा ते पंचवीस डॉलर. ऐकून माणूस दचकतो, पण हिशेब करून पाहावा. जहाजावर वाइनचा एक पेला दहा-पंधरा डॉलरांना पडतो, वर अठरा-वीस टक्के सेवेचा आकार. एका बाटलीत पाच पेले निघतात. तेव्हा पट्टी भरूनही आपली बाटली स्वस्तच ठरते.

मग कंपन्यांनी एवढा बारकावा का करावा? याचे उत्तर तिकिटाच्या किमतीत आहे. सहलीचे जहाज स्वस्त भाडे दाखवून माणसाला बोलावते आणि आत आल्यावर मद्य, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली यांतून कमावते. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग या भाड्याबाहेरच्या खर्चातून येतो. अशा स्थितीत प्रत्येकाने आपापली व्हिस्की आणली तर जहाजाचा गल्ला रिकामा राहील. वाइनला सवलत का, हेही यावरून उमजते. वाइनची बाटली उघडली की एका जेवणात संपते. ती प्रसंगाची वस्तू आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, असे काही निमित्त असते. व्हिस्कीची बाटली आठवडाभर पुरते आणि आठवडाभर माणसाला बारकडे फिरकू देत नाही.

हीच कडक नजर घरच्या खाऊवरही असते, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. घरी केलेल्या चकल्या, बेसनाचे लाडू, डब्यातली पुरणपोळी यांना जहाजावर सहसा प्रवेश नाही. कारखान्यात बंद केलेले पाकीट चालते. यात अन्नापासून होणाऱ्या रोगांची भीती आहे, आणि ती अगदीच खोटी नव्हे. हजारो माणसे एका छताखाली जेवतात तेथे पोटाची साथ पसरायला एक दिवस पुरतो. विजेची किटली, पाणी तापवण्याची कांडी, इस्त्री, मेणबत्ती यांनाही मज्जाव असतो, कारण समुद्रावर आगीइतके दुसरे भय नाही. देवापुढे निरांजन लावण्याची सवय असणाऱ्यांनी त्या आठवड्यात नुसता नमस्कार करावा. देव समजून घेतो.

दारूबंदी आणि जहाज यांची गाठ पडली की काय होते, याचा एक मासला अमेरिकेच्या इतिहासात आहे, आणि आम्हा गुजरातवासी मराठ्यांना तो विशेष रुचावा. त्या देशात १९२० पासून १९३३ च्या अखेरीपर्यंत दारूबंदी होती. अमेरिकन जहाजे भर समुद्रात असली तरी कोरडीच राहिली पाहिजेत, असे त्यांच्या सरकारने प्रथम ठरवले, आणि परदेशी जहाजांनी अमेरिकेच्या हद्दीत शिरताना मद्याचा साठा कुलूपबंद करूनसुद्धा जवळ बाळगू नये, असाही दंडक घातला. जहाज कंपन्या न्यायालयात गेल्या. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोठा मौजेचा निर्णय दिला. अमेरिकन जहाज आपल्या देशाच्या हद्दीबाहेर असेल तर त्याला दारूबंदीचा कायदा लागू नाही, पण परदेशी जहाज हद्दीत आले तर त्याला लागू आहे! पुढे १९२४ साली ब्रिटनशी तह होऊन ब्रिटिश जहाजांना मोहोरबंद साठा बंदरात आणण्याची मोकळीक मिळाली. मधल्या काळात पुष्कळ श्रीमंत अमेरिकन केवळ पिण्यासाठी जहाजात बसत. बंदरातून निघायचे, हद्दीबाहेर समुद्रात फेऱ्या घालायच्या, आणि कोठेही न जाता परत यायचे. आजच्या सहलीच्या जहाजांच्या व्यवसायाला त्या फेऱ्यांनीही हातभार लावला.

आता माझा प्रसंग सांगतो. माझे वडील येथील दरबारचे कलावंत. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अगदी तरुण होते आणि बुजुर्ग गवयांच्या मागे तंबोऱ्याला बसत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, ऐकला मात्र रोज. ते सांगत की, राजवाड्याच्या ड्योढीवर आत जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होई, गाठोडी सोडून पाहिली जात, पण तंबोऱ्याची खोळ कधी कोणी चाचपली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदले. ती सवलत कोणत्याही हुकुमाने मिळालेली नव्हती. खोळीतून वाद्याखेरीज कधीच काही आत गेले नव्हते, म्हणून ती मिळाली होती.

२०२३ सालच्या मे महिन्यात, न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका शिष्येने वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त जहाजाची सहल योजली. बायोनच्या धक्क्यावरून निघून बर्म्युडा बेटाला जायचे आणि पाच रात्रींनी परत यायचे. त्यांपैकी एका रात्री घरच्या मंडळींपुरती गाण्याची बैठक व्हावी, ही तिची हौस. तिचे वडील, त्यांना मी काका म्हणतो, मूळचे बडोद्याचे. त्यांच्या मामेभावाची नाशिकजवळ दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आणि तेथली द्राक्षे वाइनच्या कारखान्यात जातात. बडोद्याहून आम्ही तिघे, काका, काकू आणि मी, मुंबईस गेलो, तेव्हा या भावाने विमानतळावर येऊन त्याच वाइनची एक बाटली काकांच्या हाती दिली. “दादा, यंदाचा तुझा वाढदिवस आपल्या मातीतल्या द्राक्षांनी होऊ दे,” एवढेच तो म्हणाला. अमेरिकेत शिरताना प्रत्येक प्रौढाला एक लिटर मद्य जकातीवाचून नेता येते, तेव्हा तिकडे अडचण नव्हती. विमानात ती हातात नेता येत नाही म्हणून मोठ्या पेटीत, काकूंच्या दोन शालींत गुंडाळून गेली.

जहाजावर चढायच्या आदल्या रात्री यजमानांचे एक आप्त माझ्याकडे आले. माणूस लाघवी, पण व्हिस्कीवाचून करमत नसे. म्हणाले, “मास्तर, तुमच्या तंबोऱ्याच्या पेटीत जागा असेलच. दोन चपट्या बाटल्या सहज बसतील. वाद्याची पेटी कोण उघडतो?”

मी म्हटले, “साहेब, पेटीत तंबोरा, जादा तारा आणि जव्हारीचा दोरा एवढेच जाईल.”

“अहो, पकडले तरी काय, बाटली काढून घेतील. फाशी थोडीच देणार आहेत?”

“बाटली तुमची जाईल. पेटीचे काय जाईल ते तुम्हाला नाही सांगता येणार.”

त्यांना राग आला. जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. पाहुणा म्हणून आलेल्या गवयाने यजमानांच्या घरच्या माणसाला नाही म्हणावे, हे मलाही जड गेले. ज्या घरी आपल्या गाण्याला मान आहे, जेथून आपल्या तिकिटाचे पैसे भरले गेले आहेत, तेथे नकार देताना जीभ अडखळतेच. दरबारच्या काळात वडिलांवरही असे प्रसंग आले असतील, पण त्यांची नावे त्यांनी कधी सांगितली नाहीत. काकांनी मात्र सारे ऐकले होते. ते शांतपणे म्हणाले, “सरळ मार्गाची एक बाटली आहे ना आपल्याजवळ? तेवढी पुरे.”

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सामानाची तपासणी झाली. वाइनची बाटली जहाजावर नेताना हातातल्या सामानातच ठेवावी लागते, चढवायला दिलेल्या मोठ्या पेट्यांत नव्हे. विमानाच्या अगदी उलट रीत. काकांच्या हातपिशवीतली बाटली पाहून तपासनिसाने बूच शाबूत असल्याची खात्री केली आणि ती परत दिली. पाठोपाठ माझी पेटी यंत्रातून गेली, आणि तारांचा आकार पाहून त्याने ती उघडायला सांगितली. अस्तर उचलून पाहिले, कोपऱ्यांतून हात फिरवला. मग हे काय वाद्य आहे असे विचारले. मी तार छेडून दाखवली. तो हसला आणि त्याने पेटी स्वतःच्या हातांनी नीट बंद केली. लाघवी गृहस्थ शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण पेटी पुढे खोलीपर्यंत त्यांनी उचलली.

दुसऱ्या रात्री भोजनगृहात ती बाटली टेबलावर आली. वेटर मोठ्या ऐटीत बूच काढण्याचा मळसूत्री खिळा घेऊन आला आणि पाहतो तो काय, बाटलीला बूचच नाही! नाशिककडच्या पुष्कळ वाइनच्या बाटल्यांना फिरवून काढायचे झाकण असते, तशीच ही होती. तरी बूचपट्टी लागलीच, पंधरा डॉलर. तेव्हाच्या भावाने बाराशे रुपयांवर रक्कम झाली, म्हणजे बाटलीच्या मूळ किमतीहून जास्त. काका म्हणाले, “बूच नाही तर पट्टी कसली?” शिष्येने ते वेटरला इंग्रजीत सांगितले, तेव्हा तो उत्तरला की, पट्टी पेल्यांची आणि ते धुण्याची. उत्तर चोख होते.

आम्ही आठजण, आणि पेले पाच भरतील एवढीच वाइन. गायचे होते म्हणून मी घेतली नाही. काकूंनी पेला नाकाशी नेला, “द्राक्षासवासारखाच वास की,” म्हणून तो काकांच्या पुढे सरकवला. वाइन फार उंची होती असे जाणकार म्हणणार नाहीत. इतका प्रवास करून ती थोडी शिणलीही असेल. पण काका पहिल्या घोटानंतर दिंडोरीच्या बागेविषयी बोलू लागले. लहानपणी सुटीत मामाच्या घरी जाणे, तेव्हाचा मळा, विहीर, पुढे द्राक्षाच्या वेली आल्या ती वर्षे, भावाने काढलेले कर्ज आणि ते फेडल्याचा दिवस. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांनी हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. व्हिस्कीवाले आप्तही ऐकत बसले आणि आपल्या वाटणीचे चार घोट त्यांनी तासभर पुरवले. जहाजाच्या तळघरात यापेक्षा सरस वाइन शेकडो बाटल्यांनी होती. तिच्याबरोबर ही हकीकत आली नसती.

नंतर बैठक झाली. जहाजाच्या यंत्राचा एक मंद नाद अहोरात्र चालू असतो. तंबोरा त्याच्याशी जुळवून घेतला तेव्हा खोलीत तिसरा तंबोरेकरी बसल्यासारखे वाटले. बागेश्री गायलो. १९१० साली बडोद्याच्या गायनशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ आपल्या भावांसह मुंबईहून अमेरिकेस जाण्यासाठी जहाजात बसले. तेव्हा वीणेसह त्यांनी आपले सारे गाणे बरोबर नेले होते, याची त्या रात्री आठवण झाली. गाण्यावर बूचपट्टी नाही, हे आम्हा गवयांचे भाग्य.

बाटली नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. वाइनला उष्णता सोसत नाही, म्हणून तापलेल्या मोटारीत किंवा उन्हात ती ठेवू नये. याला अपवाद म्हणजे पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरची वाइन. जुन्या काळी तिची पिंपे जहाजाच्या पोटातून उष्ण कटिबंध ओलांडून जात, आणि फिरून आलेली वाइन पहिलीपेक्षा सरस झालेली असे, इतकी की, मुद्दाम अशी फेरी करवून आणलेल्या वाइनला वेगळे नाव आणि वेगळी किंमत मिळे. आपली नाशिकची बाटली त्या जातीची नव्हे, तेव्हा तिला सावलीत न्यावे. दुसरी गोष्ट, हल्ली लोक तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटल्यांत रंगवलेले मद्य भरून नेतात, अशा युक्त्या सांगणारे भेटतात. तपासनिसांना या साऱ्या युक्त्या पाठ असतात. साठीनंतर नातवंडांदेखत धक्क्यावर बाटली हुंगली जावी, हा प्रसंग कोणी ओढवून घेऊ नये.

सहलीला निघण्यापूर्वी मुलांना सांगून आपल्या जहाजाचा त्या वर्षीचा नियम मराठीत समजावून घ्यावा. एक बाटली नेता येत असेल तर एकच न्यावी, आणि ती कोणाच्या बागेची, कोणाच्या हातची, कोणत्या निमित्ताची, हे सांगता येईल अशी निवडावी. बूचपट्टी कुरकुर न करता भरावी. आणि बरोबर गाणारा असेल तर त्याच्या पेटीत जागा आहे का, हे त्याला विचारू नये.